लाखाच्या पलीकडे गेलेली गाडी आणि तिचे वंगण

आपल्या घरांत मोटारगाडी येते ती सहसा एखाद्या शुभप्रसंगाच्या आगेमागे. हार घालून, नारळ वाढवून तिचे स्वागत होते. पहिली चार-पाच वर्षे ती अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वेळापत्रकाप्रमाणे नेमाने जाते. पुढे हमीची मुदत संपते, तेथील बिले डोळ्यांत भरू लागतात आणि गाडी ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या हवाली होते. अशाच एखाद्या दिवशी ओडोमीटरवरील आकडा एक लाखाची सीमा ओलांडतो. गाडी तीच असते, चालवणाराही तोच असतो, परंतु ऑइल बदलण्याची वेळ आली की काउंटरच्या पलीकडून प्रश्न येतो, "गाडी किती चालली?" आणि उत्तर ऐकताच फळीवरचा निराळा डबा खाली उतरतो. "लाखाच्या वर गेली ना? मग आता जाड ऑइल टाका. आवाज बसेल."

आवाज बसतो, हे खरे. प्रश्न इतकाच, की आवाजाबरोबर आणखी काय बसते.

हा प्रश्न केवळ यंत्रांची आवड असणाऱ्यांचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नसून दुकान, पेढी, दवाखाना यांच्या रोजच्या कामाचे साधन झाली आहे. नवी गाडी घेणे म्हणजे मुलाच्या शिक्षणाच्या किंवा घराच्या हप्त्याच्या जोडीला आणखी एक मोठा हप्ता उभा करणे होय. उलट, नीट निगा राखलेले साधे पेट्रोल इंजिन न उघडता दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेल्याची उदाहरणे आपल्या आसपास सहज सापडतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणीत गाडी योग्य ठरली, तर ती पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. ती पुढची वर्षे मिळणार की सातव्या-आठव्या वर्षीच 'इंजिन काम निघाले' असे ऐकावे लागणार, हे बऱ्याच अंशी त्या फळीवरून कोणता डबा उतरतो यावर अवलंबून असते.

जाड तेलाचा सल्ला आला कोठून?

गॅरेजवाल्याचा हा सल्ला निराधार नाही. तो जुन्या काळचा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमिअर पद्मिनी आणि तिच्या जोडीची ॲम्बॅसिडर या गाड्यांवर आपल्याकडील मेकॅनिकांच्या दोन पिढ्या घडल्या. त्या इंजिनांची रचना मागील शतकाच्या मध्याची होती. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील फट, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील मोकळीक आजच्या मानाने बरीच सैल असे. काही वर्षांनी ती आणखी सैल होई, ऑइलचा दाब पडे, टॅपेट वाजू लागत. अशा इंजिनात दाट तेल ओतले की त्या सैल जागेत ते टिकून राही आणि गाडी पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत तग धरी. ओव्हरहॉल त्या काळी ठरलेलेच असे. इंजिन उतरवणे, बोअर करणे, रिंगा बदलणे ही कामे तेव्हा कोणालाही आपत्ती वाटत नसत.

१९८३ साली मारुती ८०० आली आणि हे चित्र बदलू लागले. त्यानंतरच्या चार दशकांत इंजिने आकाराने लहान, फेऱ्यांनी जलद आणि मापांनी अत्यंत काटेकोर होत गेली. आजच्या इंजिनात ऑइल केवळ घासणाऱ्या भागांमध्ये पातळ पडदा धरत नाही. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुधा त्याच्याच दाबावर काम करतो. वॉल्व्हच्या उघडझापेची वेळ बदलणारी यंत्रणा त्याच दाबावर फिरते. डिझेल गाडीतील टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असताना ऑइलच्या पडद्यावर अक्षरशः तरंगत असतो. या सर्व वाटा बारीक आहेत, आणि बारीक वाटेने जाणाऱ्याला वेळेवर पोहोचावे लागते. पद्मिनीचा नियम येथे तसाच लावणे म्हणजे आजोबांच्या चष्म्याच्या नंबराने नातवाला चष्मा करून देण्यासारखे आहे.

डब्यावरील आकडे

ऑइलच्या डब्यावर '५डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ फार थोडे ग्राहक विचारतात. ही वर्गवारी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकातून आली आहे. त्यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे. त्याआधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज हलते हे सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत प्रवाही. नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा दाटपणा दर्शवतो. १०० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असेल तर ते ३०च्या वर्गात बसते, १२.५ ते १६.३ असेल तर ४०च्या आणि १६.३ ते २१.९ असेल तर ५०च्या.

येथे बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे कोठे बर्फ पडतो? पहिला आकडा कितीही असला तरी काय बिघडते?" मानकातील थंडीची परीक्षा खरोखरच शून्याखाली होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. महाबळेश्वरच्या किंवा नाशिकच्या कडाक्याच्या थंडीतही असे तापमान येत नाही. परंतु तेलाचा स्वभाव उणे अंशांवरच बदलतो असे नाही. बाजारातील सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता ४० अंशांना ६० ते ७० सेंटिस्टोक असते. २०डब्ल्यू-५० तेलाची दीडशेच्या पुढे जाते. म्हणजे आपल्या भर उन्हाळ्याच्या दुपारच्या तापमानातही दुसरे तेल पहिल्याच्या दुपटीहून अधिक दाट असते, आणि डिसेंबरच्या पहाटे ही तफावत आणखी रुंदावते. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. सकाळी चावी फिरवल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोहोचेतो जे काही क्षण जातात, त्या क्षणांत धातू धातूला भिडण्याचा धोका सर्वांत अधिक. जाड तेल हे क्षण लांबवते. दुपारी तापलेल्या इंजिनाचा आवाज बसवणारे तेल सकाळच्या थंड इंजिनाला उपाशी ठेवते, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा जुन्या गाडीसाठी दाटपणा वाढवायचाच असेल, तर तो दुसऱ्या आकड्यात आणि तोही एकच पायरी वाढवावा. पहिला आकडा शक्यतो हलवू नये. ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर जाणे हा विचारपूर्वक उपाय ठरू शकतो. ५डब्ल्यू-३० वरून थेट २०डब्ल्यू-५० वर उडी मारणे हा उपाय नव्हे. याचे एक बोलके उदाहरण आपल्याच रस्त्यांवर आहे. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन रांजणगाव आणि मानेसर येथे तयार होत असे आणि स्विफ्ट, डिझायर, पुंटो, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांतून ते घरोघर पोहोचले. या इंजिनासाठी युरोपात फियाटने ५डब्ल्यू-४० तेल सुचवले होते. आपल्याकडे त्याच जातीच्या इंजिनात ५डब्ल्यू-३० सर्रास वापरले गेले. एका पायरीचा फरक त्या इंजिनाच्या रचनेला मानवतो, एवढे यावरून दिसते. त्याच इंजिनाची टायमिंग चेन मात्र ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते आणि सकाळी ती सैल खडखडत राहिली तर ती हळूहळू ताणून लांब होते. चेनने दात सोडला की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग हिशोब ऑइलच्या डब्याचा राहत नाही, पाच आकडी होतो.

गाडीच्या मालकांसाठीच्या पुस्तिकेत बहुधा तापमानानुसार चालणाऱ्या वर्गांचा तक्ता दिलेला असतो. हातमोजे ठेवायच्या कप्प्यात ती पुस्तिका वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या पिशवीत पडून असते. ती बाहेर काढून पाहिली, तर एक पायरी वर जाण्यास निर्मात्याची संमती आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. अलीकडच्या काही छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ तेल सांगितलेले असते आणि ते पाहून जुने मेकॅनिक मान हलवतात. त्या इंजिनाचा ऑइल पंप आणि बेअरिंगच्या फटी त्या तेलाच्या हिशोबानेच घडवलेल्या असतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

आधी गाडी ऑइल का खाते ते पाहावे

लाखाच्या पुढे गेलेली गाडी थोडे ऑइल खाणारच. काही युरोपीय निर्मात्यांच्या पुस्तिकांत दर १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा धरलेला आढळतो. आमच्या मते हा आकडा कंपन्यांच्या सोयीचा अधिक आणि मालकाच्या सोयीचा कमी आहे. आपल्या छोट्या गाड्यांच्या इंजिनात एकूण तीन-साडेतीन लिटर ऑइल मावते. डिपस्टिकवरील वरची आणि खालची खूण यांत साधारण एक लिटरचे अंतर असते. दर १,००० किलोमीटरला १०० मिलिलिटर खप असेल, तर १०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसपर्यंत पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते. इथवर काळजीचे कारण नाही; मधे एकदा भर घालावी आणि निश्चिंत असावे. खप याच्या तिप्पट असेल तर कारण शोधले पाहिजे. अर्धा लिटर किंवा अधिक असेल तर कोणत्याही डब्यातील तेल त्यावर औषध नव्हे.

परंतु हा खप मोजतो कोण? गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, पट्टी पुसून पुन्हा घालून पाहणे आणि तारीख, किलोमीटर, पातळी एका वहीत लिहिणे, इतकेच हे काम आहे. घरखर्चाचा पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या कुटुंबांतही गाडीची ही वही क्वचितच आढळते. दर १,००० किलोमीटरला केलेल्या अशा चार-पाच नोंदी मेकॅनिकपुढे ठेवल्या की संभाषणाचा सूरच बदलतो. भर घालताना वरच्या खुणेच्या पुढे मात्र जाऊ नये. जादा ऑइल क्रँकशाफ्टच्या तडाख्यात सापडून फेसाळते आणि फेसाला दाब धरता येत नाही.

खपाचे कारण बहुधा धूर सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना निळसर धुराचा एकच लोट निघाला आणि मग थांबला, तर वॉल्व्हचे रबरी सील कडक झाले आहेत असे समजावे. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असता, आणि पुन्हा दाबताच मागे निळा धूर दिसला, तरी संशय तेथेच जातो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोर लावल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा काजळीने चिकटल्या असण्याचा संभव अधिक. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तेथून हवेचे जोरदार झोत येत असतील, तर त्याला मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. तोही रिंगांचाच पुरावा. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर हा ऑइलचा नसून कूलंटचा असतो, आणि झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे. अशा वेळी तेलाची निवड बाजूला ठेवून हेड गास्केट पाहणे निकडीचे. धूर मुळीच नसेल आणि पातळी तरी घटत असेल, तर एक पुठ्ठा रात्रभर गाडीखाली पसरून ठेवावा. सकाळी त्यावरील डाग चेंबरचे गास्केट, ड्रेन बोल्ट की मागील क्रँक सील याची निदान दिशा तरी दाखवतात.

सांगलीकडील आमच्या परिचयाच्या एका हळद व्यापाऱ्यांची पेट्रोल गाडी १,७०,००० किलोमीटरवर पोहोचली होती. तीन हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाऊ लागले. नेहमीच्या गॅरेजमध्ये लागोपाठ दोन सर्व्हिसिंगना २०डब्ल्यू-५० भरण्यात आले. आवाज मवाळ झाला, पण गाडी जड चालू लागली, ॲव्हरेज घसरला आणि सकाळी सुरू करताच दोन-तीन क्षण साखळी खडखडल्यासारखा नवाच आवाज येऊ लागला. मग सल्ला मिळाला तो इंजिन उघडण्याचा, आणि खर्चाचा अंदाज इतका निघाला की गाडी विकावी असे घरात ठरत आले. त्यांच्या भाच्याने मिरजेतील एका वयस्क फिटरला गाडी दाखवली. त्याने आधी काही न उघडता इंजिनावरील पीसीव्ही वॉल्व्ह काढून कानाशी धरून हलवला. चांगला वॉल्व्ह हलवल्यावर आतून टकटक वाजतो. हा मुका होता. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ आणि वायू बाहेर काढून पुन्हा जाळण्यासाठी नेणारा हा एवढासा भाग काजळीने बंद झाला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते किंवा जळते. भाग काही शे रुपयांचा. तो बदलला, पुस्तिकेप्रमाणे ५डब्ल्यू-३० भरून तीनच हजार किलोमीटरला काढले आणि मग पुस्तिकेतील तक्त्यात होते म्हणून ५डब्ल्यू-४० वर स्थिरावले. आज त्या गाडीला आठ हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागते. सकाळचा निळा लोट अजून आहे, कारण वॉल्व्ह सील कडक झालेलेच आहेत; ते काम त्यांनी दिवाळीनंतर करायचे ठरवले आहे. इंजिन मात्र उघडले नाही आणि गाडी विकली नाही.

कॉम्प्रेशनची चाचणीही थोड्या खर्चात होते. इंजिन उघडण्याचा सल्ला देणाऱ्याने ती केली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

'हाय मायलेज' म्हणजे काय?

या दोन शब्दांनी आपल्याकडे गमतीदार घोटाळा केला आहे. आपल्या बोलण्यात मायलेज म्हणजे लिटरमागे मिळणारे अंतर. त्यामुळे डब्यावर 'हाय मायलेज' वाचले की अनेकांना वाटते, हे ऑइल भरले की पेट्रोल वाचणार. या शब्दाचा मूळ अमेरिकी अर्थ बराच चाललेली गाडी, इतकाच आहे. अमेरिकेत २००० साली व्हॅल्व्होलिन कंपनीने ७५,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे १,२०,००० किलोमीटरच्या पुढील गाड्यांसाठी अशा तेलाची स्वतंत्र मालिका आणली आणि मग इतरांनीही ती वाट धरली.

या तेलांत वेगळे असते ते असे. रबरी सील कालांतराने आकसतात आणि कडक होतात. त्यांना किंचित फुगवून पुन्हा लवचीक करणारी एस्टरसारखी द्रव्ये यांत घातलेली असतात. काजळी धुणारी आणि झीज रोखणारी द्रव्ये थोडी अधिक असतात. दाटपणाही त्या त्या वर्गाच्या वरच्या कडेला ठेवलेला असतो. म्हणजे ३०च्या वर्गातच, पण नऊ-दहाऐवजी अकरा-बाराच्या आसपास. सीलमधून पाझर सुरू झालेल्या आणि रिंगा थोड्या चिकटलेल्या गाडीला याचा उपयोग होऊ शकतो, आणि तो एका ऑइलबदलात दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. फाटलेले सील, तुटलेली रिंग, खचलेले बेअरिंग यांपुढे हे तेलही हतबल आहे. शिवाय 'हाय मायलेज' हा एपीआय या अमेरिकी संस्थेचा प्रमाणित वर्ग नाही; तो उत्पादकाने दिलेला शब्द आहे. म्हणून त्या शब्दाआधी डब्यामागील बारीक अक्षरे पाहावीत. पेट्रोल गाडीसाठी एपीआयचा वर्ग 'एस' अक्षराने सुरू होतो आणि पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढे, तितका तो नवा. एसएन २०१० साली आला, एसपी २०२० साली. जुन्या गाडीत नव्या वर्गाचे तेल चालते. एसपीच्या चाचण्यांत तर टायमिंग चेनच्या झिजेचाही विचार झालेला आहे. आपल्या बाजारात 'हाय मायलेज' असे लिहिलेले ऑइल सर्वत्र मिळत नाही. त्यासाठी हळहळू नये. योग्य वर्गाचे, योग्य दर्जाचे, खात्रीचे तेल वेळेवर बदलणे यातच त्याचा बहुतेक लाभ येतो.

सिंथेटिक तेलाबद्दलही एक समज दृढ आहे, की जुन्या गाडीत ते घातले की गळती सुरू होते. त्यात अर्धसत्य आहे. पूर्वीच्या काही सिंथेटिक तेलांचा रबराशी नीट मेळ बसत नसे. आताच्या तेलांत तो दोष राहिलेला नाही. पण वर्षानुवर्षे साचलेला चिखल एखाद्या फाटक्या सीलला बुजवून बसला असेल, तर स्वच्छ करणारे नवे तेल तो धुऊन काढते आणि दडलेली गळती उघडी पडते. ती तेलाने केलेली नसते. याच कारणासाठी, ज्या गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशा जुन्या गाडीत कडक फ्लशिंग करण्याचा मोह आवरावा. सुटलेला चिखल एकदम खाली येऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर दाबच खुंटतो. त्याऐवजी चांगले ऑइल आणि नवा फिल्टर घालून दोन-तीन वेळा तीन-तीन हजार किलोमीटरला बदल करणे सुरक्षित. खर्च थोडा अधिक, पण इंजिनाला ते सोसते.

गाडी डिझेलवर आणि बीएस-६ मानकाची, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, असेल तर आणखी एक पथ्य आहे. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि तेलातील राख त्याला कायमची बुजवते. अशा गाडीला पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच ऑइल हवे; डब्यावर ते बहुधा एसीईए 'सी२' किंवा 'सी३' असे नोंदलेले असते. या गाड्यांत ऑइलची पातळी कधी कधी वाढलेली दिसते. ते सुचिन्ह नव्हे. डीपीएफ साफ करण्याच्या क्रियेत न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरलेले असते आणि ते तेल लवकर बदलावे लागते. सीएनजी गाडीत उलट भ्रम होतो. गॅस स्वच्छ जळतो, त्यामुळे ऑइल महिनोन्‌महिने सोनेरी दिसते आणि मालक ते बदलण्याचे पुढे ढकलतो. रंग टिकला म्हणून गुण टिकले असे होत नाही. उष्णता आणि नायट्रोजनची संयुगे त्या तेलाला आतून म्हातारे करतच असतात. डिझेलचे नवे ऑइल काही शे किलोमीटरांत काळे पडते, तेही वाईट झाले म्हणून नव्हे. ते काजळी धरून ठेवते आहे, याचीच ती खूण. रंगावरून निर्णय न घेता किलोमीटर आणि महिने यांवरून घ्यावा. पुण्या-मुंबईच्या कोंडीत रांगणारी किंवा रोज दोन-तीन किलोमीटरच धावणारी गाडी असेल, तर पुस्तिकेतील अंतर निम्मे धरावे, आणि गाडी कितीही कमी चालली तरी वर्षाच्या पुढे जाऊ नये.

तांबडा दिवा

डॅशबोर्डवर तेलाच्या कुपीचे तांबडे चिन्ह असते. या लेखातील बाकी सारे विसरले तरी चालेल, हे एवढे घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः नुकताच परवाना मिळालेल्या मुला-मुलींनी, लक्षात ठेवावे. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही. तो दाब दाखवतो. पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा लागल्यावर आपण पुढच्या पंपापर्यंत जातो, त्याच सवयीने पुष्कळ जण या दिव्यासह पुढच्या गावापर्यंत जातात. तो पेटतो तेव्हा दाब जवळजवळ गेलेला असतो आणि बेअरिंगवरील तेलाचा पडदा फाटू लागलेला असतो. त्यानंतरचे दोन-चार किलोमीटर इंजिन जाम करण्यास पुरेसे आहेत. दिवा लागताच गाडी सुरक्षित बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे, थोडा वेळ थांबून पट्टी पाहावी, पातळी खाली असेल तर भर घालावी. भर घालूनही दिवा विझत नसेल तर गाडी पुन्हा सुरू न करता टोइंग मागवावे. घाटात हा दिवा वळणावर लुकलुकत असेल तर तेल चेंबरच्या एका कुशीला जाऊन पंपाची जाळी उघडी पडते आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली आहे. लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत त्याच वर्गाचे लिटरभर ऑइल असावे. आडगावी मिळेल ते ओतण्याची पाळी मग येत नाही. ती आलीच, तर कोरड्या इंजिनापेक्षा कोणत्याही वर्गाचे इंजिन ऑइल बरे. घरी पोहोचल्यावर मात्र ते बदलून टाकावे.

शेवटी, योग्य वर्ग निवडूनही डब्यात भलतेच निघाले तर सारे व्यर्थ. नामांकित ऑइलच्या रिकाम्या डब्यांना भंगाराच्या बाजारात चांगली मागणी असते, यावरून काय ते समजावे. खात्रीच्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलासह खरेदी करावी, डब्यावर क्यूआर कोड असेल तर तो पडताळावा आणि गॅरेजमध्ये सील आपल्यासमोर फोडायला सांगावे. ड्रममधून मापाने दिले जाणारे सुटे ऑइल स्वस्त पडते, पण त्याचा वर्ग आणि दर्जा आपण तपासणार कसा? जुना फिल्टर हातात मागून पाहावा. तो बदललाच नाही असेही घडते. काढलेले काळे ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू देऊ नये. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि त्यात धातूचे कण व कर्करोगकारक संयुगे असतात. वाळवी लागू नये म्हणून वाशांना ते फासण्याची आपल्या खेड्यांतील रीत याच कारणाने सोडून द्यावी. गॅरेजवाला ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देतो का, हे विचारावे. जो देतो, त्याच्याकडे गाडी न्यावी. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा घरी आणून, भंगारवाल्याच्या हाती पडण्यापूर्वी, सुरीने आडवा कापून टाकावा.